अकरा वाव

अजूनही दुकानात कुणी कापड मोजायला घेतलं की मी बाहेर येऊन उभा राहतो. मोजणाऱ्यानं आकडा म्हटला की माझ्या मागून एक आवाज येतो, "बराबर." मागं कुणी नसतं, हे मला माहीत आहे. तरी मान वळतेच.

कुरुंद्याच्या आसपासच्या गावांत विहिरी खणायच्या, गाळ काढायचा, आणि कुणी विहिरीत पडलं तर त्याला वर आणायचं, हा आमच्या घराचा धंदा. या शेवटच्या कामाला नाही म्हणायचं नाही, असा रिवाज होता. जेवता माणूस ताटावरून उठायचा. बाप म्हणायचा, "आडात माणूस ठिवून भाकर खायची न्हाई. जिता असो का मेलेला." मी सोळाव्या वर्षी पहिल्यांदा अशा कामाला दोरावरून खाली उतरलो. तेव्हा भीती वाटली नाही. हे मुद्दाम सांगून ठेवतो.

पुढं, बत्तीस-तेहेतीस साल असेल, मी एका मुकादमाबरोबर मुंबईच्या गोदीत खोदकामाला गेलो आणि तिथून मोजणीच्या जहाजावर लागलो. हे जहाज ना लढाईचं, ना मालाचं. समुद्र किती खोल आहे ते मोजून त्याचा नकाशा करणारं. किनाऱ्याजवळ होडी सोडायची. एकानं पुढं उभं राहून शिशाचा लोळा दोरानं पाण्यात टाकायचा, तो टेकला की दोरावरच्या कातड्याच्या खुणा चाचपून खोली ओरडायची: नऊ वाव, बारा वाव. दोन्ही हात पसरले की जेवढा दोर मावतो, तो एक वाव. लोळ्याच्या बुडाशी खळगी असते, तिच्यात चरबी भरायची. तळाशी असेल ते चरबीला चिकटून वर येतं. वाळू, चिखल, शिंपल्यांचा चुरा. जहाजावरचा मोजणीचा साहेब ते बोटानं चोळून बघायचा आणि लिहून घ्यायचा. नुसती खोली सांगून भागत नसे, तळाची खूणही आणावी लागे.

लोळा मी टाकायचो. आकडा ऐकून पुन्हा म्हणायचा आणि होडी पुढं काढायची, हे काम माझ्या जोडीदाराचं. तो आखाडा बाळापूरकडचा धनगर. कोकणातले खलाशी आम्हां दोघांची यथेच्छ टिंगल करत. समुद्र न पाहिलेल्या मुलखातली माणसं समुद्र काय मोजणार, आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार! तो हसून म्हणायचा, "आडातलंच आणलंय आमी, पिऊन तर बघा." मी मात्र चिडायचो. मी "बारा वाव" म्हटलं की तो "बारा, बराबर" म्हणायचा. हा आमच्या निजामी मुलखातला शब्द साहेबाच्याही तोंडी बसला. जोडीदाराच्या अंगावर भर उन्हातही घोंगडी. काळी, पण मधूनमधून तांबूस धागे असलेली. त्याच्या बायकोनं स्वतः सूत कातलेलं होतं. कळपातल्या एकाच मेंढीची लोकर तशी तांबूस, असं तो कौतुकानं सांगायचा.

पावसाळ्यात समुद्र खवळला की जहाज गोदीत आणि साहेब उत्तरेच्या डोंगरात. त्याला चालण्याचा नाद होता. छत्तीस साली त्याच्या डोक्यात आलं की बर्फाच्या डोंगरातलं एक तळं मोजायचं. आम्हां दोघांना, लोळा, दोर आणि चरबीची डबी घेऊन, बरोबर चलायला सांगितलं. आगगाडी, मग खेचरं, मग नुसते पाय. दिवसचे दिवस चढलो. चार पावलं टाकली की छाती भरून यायची. "मेंढरू न्हाई तो डोंगर कसला?" जोडीदार म्हणायचा. पण संध्याकाळी ते पांढरे कडे लाल झाले की तोही बघत बसायचा. मला ते डोंगर आवडले नाहीत. तिथं हाक मारली की आपलाच आवाज उशिरा, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा परत यायचा.

तळं मोजून झालं. परतताना बर्फाचं एक लांब पठार ओलांडायचं होतं. दोर कमरांना बांधून चला, असं साहेबानं बजावलं होतं. तो मागं राहिला, आणि आम्ही दोर गुंडाळून माझ्या पाठीवर टाकला. बर्फात काठी खुपसत जायचं होतं. आम्ही होडीचीच रीत धरली. मी काठी खुपसून सांगायचं, बाजूला व्हायचं, त्यानं "बराबर" म्हणून पुढं पाऊल टाकायचं. एके ठिकाणी काठी हातभर गेली आणि खट्‌कन थांबली. मी म्हटलं, "तळ लागला." समुद्रात लोळा जिथं थांबतो तिथं तळच असतो. चार वर्षं माझ्या हाताला तेवढंच ठाऊक होतं. बर्फात वरचा थर टणक आणि खाली पोकळी असू शकते, हे मला कळायला हवं होतं.

"बराबर," तो म्हणाला आणि गेला. पाय मोडल्याचा आवाज नाही, ओरडणं नाही. माझ्यापुढं एक निळं भोक.

मी पालथा पडून हाका मारल्या. मग हातांनी त्यांच्या सवयीचं काम केलं. लोळ्याला चरबी लावली, तोंडाच्या वाफेनं मऊ केली आणि दोर सोडला. कातड्याची खूण बोटांना लागली. लोळा मऊ कशावर तरी टेकला. "अकरा वाव!" मी ओरडलो.

खालून आलं, "बराबर."

अगदी बारीक. साहेब धापा टाकत पोचला तोवर पुन्हा काही आलं नाही. "आवाज आला का?" त्यानं विचारलं. मी मान हलवली. नाही. पाठीवरचा दोर तीस वाव होता. धरायला साहेब होता, मागून दोन हमाल येत होते. मी लोळा वर ओढला. चरबीत काळे धागे होते आणि एक तांबूस. साहेबानं टोपी काढली. मी ती चरबी खरवडून काडेपेटीएवढ्या पत्र्याच्या डबीत भरली.

त्याच्या घरी कागद गेला, त्यात "बेपत्ता" असं लिहिलं. बेपत्ता म्हणजे मेला नव्हे. त्याच्या बायकोनं कुंकू पुसलं नाही. त्यांच्यात विधवेचा पाट लागतो, दुसरं लग्न होतं, पण नवरा बेपत्ता असलेल्या बाईचा पाट कोण लावणार? हे मला बापाच्या पत्रांतून कळत होतं आणि पुरावा माझ्या पेटीत होता. आज जाऊ, उद्या जाऊ. मग लढाई सुरू झाली, सुट्ट्या बंद झाल्या. त्या बंदीचा मला आनंद झाला, हे लिहिताना लाज वाटते.

निजामाचं राज्य गेलं त्या वर्षी, अठ्ठेचाळीसच्या दिवाळीनंतर, मी बाळापूरला उतरलो आणि तिच्या वस्तीवर चालत गेलो. ती अंगणात चातीवर सूत कातत होती. केस पांढरे, कपाळावर ठळक कुंकू. बारा वर्षं.

"वैनी," मी म्हणालो आणि डबी पुढं ठेवली. माझ्या चुकीचं जे घोकून गेलो होतो ते सगळं सांगितलं. काठी, टणक थर, तळ लागला म्हणालो ते.

तिनं डबी उघडली. चरबी वाळून पिवळी पडली होती. तिनं तांबूस धागा ओढून चिमटीत चोळला. मग पीळ उलटा सोडून पाहिला.

"माझंच सूत हाय," ती म्हणाली. "किती खोल व्हतं, भावजी?"

"अकरा वाव."

"तुमी तर इहिरीतून माणसं काढणाऱ्या घरचे ना?"

"व्हय."

"दोर न्हवता?"

"व्हता."

"मंग उतरले काहून न्हाई?"

याचं उत्तर मी घोकलं नव्हतं. बारा वर्षं मी एकाच चुकीचा हिशेब केला, कारण दुसरीकडं बघायची छाती नव्हती. "भ्यालो, वैनी," मी म्हणालो. "आणि त्यानं आवाज दिला व्हता."

ती रडली नाही. मला शिव्याही दिल्या नाहीत. धागा पदराच्या गाठीत बांधला, चातीला हात लावला, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "उन्हातून आले. पाणी पिऊन जा. आड तिकडं हाय, तुमचं तुमी शेंदा."

मी आडाशी गेलो. पोहरा सोडला. हात आपोआप वाव मोजत होते. सात वावावर पोहरा पाण्याला टेकला. आकडा ओठांवर आला होता. मी दात आवळून तो आत धरला आणि वाकून खाली बघत राहिलो.