बर्फाची खालची बाजू

लेकीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. नवघरच्या नाक्यावर प्रमुख पाहुण्यांचा हा मोठा बॅनर, हात जोडलेला, खाली 'पर्यावरणप्रेमी'. खाडीत भराव टाकून टॉवर उभे करणारा बिल्डर! खारफुटीच्या झाडाला त्याने कधी हात लावला असेल, तर तो उपटायलाच.

विषय होता ध्रुवावरचा वितळणारा बर्फ. एकेका टेबलावर थर्मोकोलचे डोंगर, आणि त्यावर अस्वल नि पेंग्विन गळ्यात गळे घालून. एक राहतो उत्तरेला, दुसरा दक्षिणेला. पण आईबापांनी बाजारात मिळालं ते आणलं आणि चिकटवलं. कुणी पुस्तक उघडलं असेल तर शपथ.

माझी सातवीतली पोरगी हट्टी. तिने थर्मोकोलचा तुकडा काठ्यांवर उंच बसवला, त्याच्या पोटाला माझी मेंदी कालवून फासली आणि खाली आरसा ठेवला.

"आई, समुद्रावरच्या बर्फाला खालून शेवाळ येतं. ते इवले इवले जीव खातात. त्यांना मासे खातात, माशांना सील, सीलला अस्वल. बर्फ कमी झाला की शेवाळपण कमी. सगळे अस्वलासाठी रडतात गं, शेवाळाचं कुणाला काही नाही."

मातीचे प्राणी रंगवताना तिला जेवायचीही शुद्ध नव्हती. बक्षीस मिळो न मिळो, कुणीतरी वाकून आरशात ती हिरवी बाजू बघावी, एवढंच तिला हवं होतं.

पाहुणे यायच्या आधी विज्ञानाच्या मॅडम फेरी मारायला आल्या. नाक मुरडून म्हणाल्या, "बेटा, ये गंदा दिख रहा है. बर्फ तो सफेद होता है ना? जल्दी साफ करो."

"अहो मॅडम, ते शेवाळ हाच तर तिचा प्रोजेक्ट आहे," मी म्हटलं.

"हो, पण फोटो काढायचेत ना! सरांना घाण चालत नाही."

घाण म्हणे! ज्याच्यावर तिथला अख्खा समुद्र जगतो ती घाण, आणि खाडीत डेब्रिज ओतणारा तो स्वच्छ. विज्ञान शिकवते म्हणे ही बाई. कप्पाळ शिकवते! असा संताप आला मला, की बाईची तिथेच खरडपट्टी काढणार होते. पण लेकीने माझा हात घट्ट धरला.

डोळे भरले होते तिचे. तिने पट्टीने मेंदी खरवडली, ओल्या रुमालाने थर्मोकोल पुसला. मग इवले जीव उचलून डब्यात टाकले. मग मासे. मग सील. शेवटी अस्वलही उचललं.

"अगं, ते कशाला काढतेयस?"

"आता खाणार काय ते?"

पाहुणे आले, मागे फोटोवाला. टेबलावर नुसता पांढरा थर्मोकोल आणि खाली आरसा. "वा! एकदम क्लीन!" साहेब म्हणाले. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. मग साहेब वाकले, आरशात नीट बघितलं, आणि केसांवरून हात फिरवला.