बसून ऐकायची धून

आमच्या जवळा बाजारात जयंतीची मिरवणूक असो की कुणाची वरात, बँडवाले कवायतीच्या तालातला एक मार्च हमखास वाजवायचे. तो गावातल्याच बँडमास्तरांनी बांधलेला. माझे वडील त्या बँडमध्ये ड्रमवर होते. ते वाजवू लागले की मी कानांत बोटं घालायची. वडिलांना काय आणि मास्तरांना काय, मी त्या दणदणाटातूनच ओळखत होते.

वडील गेल्यावर आई घराबाहेर पडेनाशी झाली. मी हिंगोलीहून माहेरी आले होते, तेव्हा बँडवाल्यांनी विहाराच्या सभागृहात मास्तरांच्या धुनांचा कार्यक्रम ठेवला. मास्तर काठी टेकत स्वतः घरी आले. “वहिनी, तुमी यायलाच पाहिजे.” त्यांना नाही म्हणणं आईला जमलं नाही.

मास्तरांना आता दम पुरत नाही. ते खुर्चीवर बसून हातानं खुणा करत होते. आधी मार्च झाला, टाळ्या झाल्या. मग ट्रम्पेटवाल्यांनी वाद्यं मांडीवर ठेवली आणि एकट्या क्लॅरिनेटनं संथ धून धरली. ड्रमवाल्या काकांनी काड्या खाली ठेवल्या, नुसत्या बोटांनी चामड्यावर ताल धरला. सुपात दाणे पडावेत तसा आवाज.

आईनं माझा हात घट्ट धरला. “तू पाळण्यात होतीस तवा तुझे बाबा हेच वाजवायचे. पत्र्याच्या डब्यावर.”

कार्यक्रम संपल्यावर मी मास्तरांना गाठलं. “काका, ही धून आमाला कधीच कशी ऐकवली न्हाई?”

“वरातीत कोण ऐकतं बाई? लोकायला नाचायचं असतं.” ते हसले. “तुझ्या बापानंच मागून घेतली होती. म्हणला, मास्तर, पोरगी झोपतच न्हाई, तिच्यासाठी कायतरी बांधा. मग आमी सरावाला वाजवत राहिलो, आपल्यापुरती.”

मी वाकून त्यांच्या पाया पडले.

“अशा अजून हायत?” आईनं विचारलं.

“हायत की वहिनी. बसा.”

खुर्च्या उचलायला आलेली माणसंही मग बसली. मास्तरांनी हात वर केला आणि कधी न ऐकलेल्या धुना एकामागून एक निघत गेल्या. कुठं जात्याची लय होती, कुठं नुसता वारा. ज्या माणसाला मी एवढी वर्षं एकाच मार्चचा धनी समजत होते, त्यानं हे सगळं गावात राहूनच केलं होतं.

घरी जाताना आई वडिलांविषयी बोलत होती. कितीतरी महिन्यांनी बोलत होती. मी पाऊल हळू टाकलं.