सातव्या नंबरचा दवाखाना

पंचवटीतल्या एका संस्थेच्या ऑफिसात मी आकडेवारी सांभाळायचे. जिल्ह्यात संस्थेचे सात दवाखाने. दर तीन महिन्यांनी त्यांची क्रमवारी लागायची. ज्याने जास्त पेशंट तपासले तो वर. सुरगाण्याकडचा डोंगरातला दवाखाना कायम सातवा. एका बैठकीत तिथल्या सिस्टर उठून म्हणाल्या, "मॅडम, आम्ही दोघंच हाय, मी आन् डॉक्टर. ते कुठं लिवलंय का?"

लिहिलेलं नव्हतंच.

मग कॉलेजात शिकलेली एक पद्धत मी शोधून काढली. प्रत्येकाकडे माणसं किती, खाटा किती आणि त्यातून काम किती झालं, हे सगळं एकत्र धरायचं. मग बघायचं, एवढ्याच बळावर दुसऱ्या कुणी याहून जास्त केलंय का? नसेल, तर त्याला पूर्ण गुण. कॉम्प्युटरवर उत्तर आलं आणि मी खुर्चीतून उठलेच! पूर्ण गुण दोघांनाच, देवळ्याच्या आणि त्या डोंगरातल्या दवाखान्याला. नेहमी पहिला येणारा शहरातला दवाखाना थेट पाचवा! माझंच काही चुकलं असेल म्हणून तीनदा आकडे तपासले. तरी तेच.

मी तक्ता संस्थेच्या साहेबांना दाखवला. ते म्हणाले, "कागदावर काहीही निघतं."

"मग चला बघायला," मी म्हणाले. एवढं धाडस कुठून आलं कोण जाणे.

आम्ही गेलो तो आठवडे बाजाराचा दिवस. सिस्टर दवाखान्यात नव्हत्याच. बाजारात चिंचेखाली टेबल मांडून लस टोचत होत्या. बाजाराला आलेल्या बायका पोरांना घेऊन रांगेत उभ्या. साहेबांनी तासभर उभं राहून रांगेतली पोरं मोजली. जीपमध्ये बसताना एवढंच म्हणाले, "इथं अजून एक सिस्टर द्यायला हवी." मला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या.

दुसरी सिस्टर आली. पुढच्या तिमाहीत मी उत्साहाने गणित मांडलं, तर माणसं वाढली, काम तेवढं वाढलं नाही, आणि दवाखाना तिसरा! जीव खट्टू झाला. कचरतच मी जुन्या सिस्टरना फोन लावला आणि नंबर घसरल्याचं सांगितलं.

पलीकडून सिस्टर खळखळून हसल्या. "जाऊ द्या ना, मॅडम! आता दुपारी बसून जेवायला मिळतंय. लय बरं झालं!"

जेवणाचा रकाना माझ्या तक्त्यात कुठेच नव्हता. त्याच दिवशी मी नवा तक्ता आखायला घेतला.