दोन पात्यांचा पंखा

समजा, मोटारीच्या इंजिनाचा पंखा तुम्हाला बदलायचा आहे. आधी इंजिन निवू द्या. पट्टा ढिला करून उतरवा, मग पंख्याचे बोल्ट सोडा. नवा पंखा बसवला की हाताने फिरवून पाहा. पातं कुठेही घासता कामा नये. पण नवा पंखाच जवळ नसेल तर? आणि मोटार भररस्त्यात उभी असेल तर?

नजीरभाईंवर ही वेळ १९३६च्या खंडेनवमीला आली. नाशिक ते नामपूर सर्व्हिस मोटार तेच चालवतात, तेच दुरुस्त करतात. सकाळी पट्ट्याचा ताण अंगठ्याने दाबून बघितल्याशिवाय चहाला हात लावत नाहीत.

त्या दिवशी मोटारीची पूजा झाली. टपावर मोतीराम माळ्याच्या झेंडूच्या पाट्या होत्या. दसऱ्याच्या सकाळी त्या नामपूरच्या बाजारात पोचायलाच हव्यात; सण उलटल्यावर झेंडूला कोण विचारतो? मोतीरामने एक हार पुढच्या दिव्यांना बांधला आणि दुसरा, कुणाला न सांगता, बॉनेट उचलून थेट इंजिनाला. चांदवडच्या अलीकडे तो हार पंख्यात ओढला गेला. जाड सुतळीत अडकून चार पात्यांपैकी एक मुळातून फाटलं.

"आत हार कुणी घातला?" नजीरभाईंनी विचारलं.

"पूजा इंजिनाची, मग हार नुसता दिव्यालाच का म्हणून?" मोतीराम पुटपुटला.

"वा, माळीदादा! हार घातला का फास लावला?"

उतारू हसले. नजीरभाईंनी सुतळी कापली, पंखा उतरवला आणि छन्नी घेऊन मोडक्या पात्यासमोरचं धड पातंही तोडायला लागले.

मोतीराम ओरडला, "अवो, एक माझ्यामुळं मोडलं! दुसरं तुमी कशापायी मोडता? माझी फुलं लय नाजूक हायती, उशीर सोसायची न्हाईत!"

"कावडीची एकच घागर भरून चालून बघितलंय कधी?"

"तोल जातो की."

"पंख्याचा तोल गेला तर समोरची रेडिएटरची जाळी फाडील. मग पाणीही गेलं नि तुमचा दसराही."

हे गणित कागदावर सोपं आहे. चिडलेल्या उतारूंसमोर धड पातं तोडायला मात्र छाती लागते.

उरलेल्या दोन पात्यांवर, सांजवेळी, मोटार चांदवडपुढचा घाट चढली. पाणी तापलं, पण उकळलं नाही. सकाळी मोतीरामच्या पाट्या बाजारात रिकाम्या झाल्या.

आता मोटारीला नवा पंखा आहे. जुना गॅरेजात खिळ्याला टांगलाय. मी काम शिकायला गेलो की नजीरभाई त्याच्याकडे बोट दाखवतात. "तुम्ही शिकताय, तर सांगा. त्या दिवशी घाट या दोन पात्यांनी चढवला, की समोरून गार वारा होता म्हणून निभावलं? भर दुपारी मोटार चढली असती का?"