सरजाबाईची ओळ

विजयमाला राणीसावरगावच्या मेंढपाळाच्या घरातली. बी.ए. झाली आणि परभणीत दत्तरावांच्या टायपिंगच्या दुकानात लागली. लग्नपत्रिका, प्रबंध, तेराव्याची कार्डं, असलं सगळं जुळवण्यात तिची उमर चालली होती. यंदा दत्तरावांनी वेगळंच काम धरलं. एका प्रकाशकाला मोबाइलवर वाचायच्या कथा हव्या होत्या, आणि त्यात अक्षरांनीच भाव दाखवायचा होता. रागात ठसठशीत व्हायचं, भीतीनं थरथरायचं, आनंदात उड्या मारायच्या. कुठल्या वाक्याला कोणता भाव, ते चॅटबॉट ठरवायचा आणि विजयमाला तपासायची.

संग्रहात एक कथा कमी पडली. दत्तराव म्हणाले, "ताई, तुमी लिहिता ना कायबाय? द्या की एखादी."

तिनं धाकट्या भावाची दिली. रामहरीच्या किडन्या गेल्या होत्या. पोरगं हाल हाल होऊन गेलं. नाडी सोडून डॉक्टर उठले तेव्हा आई, सरजाबाई, एवढंच बोलली होती, "सुटला माझा लेक." दूध उतू गेलं सांगावं, तशा आवाजात.

चॅटबॉटनं त्या ओळीपुढं लिहिलं : सुटकेचा आनंद. अक्षरं हिरवी, हलकी, वर उसळणारी.

विजयमालानं त्याला सगळं समजावून लिहिलं. "तुमचं बरोबर आहे, दिलगीर आहे," म्हणत त्यानं लगेच ओळ काळी केली, साधी, जागची न हलणारी. तिचा जीव खाली पडला.

पुस्तक मोबाइलवर आलं. तिनं उघडलं, तर ओळ हिरवी होऊन उड्या मारत होती.

"प्रकाशकाला पानं लय थंड वाटली," दत्तराव मान वर न करता म्हणाले. "मी समद्या कथा परत त्या चॅटबॉटला टाकल्या. तुमच्या दुरुस्त्या गेल्या त्यात."

"मला इचारायचं तरी."

"इचारत बसलो तर काम कवा व्हायचं? आन् जाहिरातीत तीच ओळ घेतली त्यांनी. आता ते हात लावू देत न्हाईत."

सणाला ती गावी गेली, तर जाहिरात तिच्या आधी पोचलेली. सरजाबाईच्या पुतण्यानं, परमेश्वरनं, हौसेनं मोबाइल तिच्या हातात दिला. "काकू, तुमचं बोलणं पुस्तकात आलंय!"

म्हातारीला अक्षरओळख नव्हती. तिनं मोबाइल लांब धरला, जवळ आणला.

"ह्ये काय नाचायलंय?"

"रामहरी गेला तवा तू मनलीस, ते," विजयमाला म्हणाली. खोटं सुचलंच नाही.

"मंग नाचायलंय कामून?"

परमेश्वरनं हळूच मोबाइल काढून घेतला. सरजाबाई उठली आणि शेरडांना पाला टाकायला गेली. जेवणं झाल्यावर ताट सारून म्हणाली, "घरातलं बोलणं होतं माय ते. तू भायेर दिलंसच कशाला?"

विजयमाला परभणीला परतली. दुकानात दुसऱ्या संग्रहाचं काम येऊन पडलं होतं. दत्तरावांनी पुन्हा एक कथा मागितली.

"न्हाई," ती म्हणाली, आणि दुसऱ्यांच्या आयांच्या ओळी तपासायला बसली.