पालमचा निळा वाघ

माझ्या आत्याच्या यजमानांइतका निरुपद्रवी माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि अख्खं पालम त्यांना जेवढं भ्यायचं तेवढं निजामाच्या पोलिसांनाही भ्यायचं नाही. त्यांनी आयुष्यात कुणावर हात उगारला नाही. ते फक्त बघायचे. कपाळाला विभूती, कानामागे कुंचला, आणि डोळे बारीक करून समोरच्याच्या चेहऱ्याकडे असं बघणं, की आपण घरी काय चोरून खाल्लं तेही यांना दिसलं, असं त्या बिचाऱ्याला वाटावं. मी त्यांना मामा म्हणत असे, गाव आप्पा म्हणे. उमेदीत हैदराबादेला जाऊन चित्रकला शिकले आणि येताना एक नवंच खूळ घेऊन आले. वस्तूला तिचा रंग द्यायचा नाही, तिच्या मनाचा द्यायचा. मी तेव्हा पालमच्या शाळेत मास्तर होतो आणि दोन्ही वेळा आत्याकडेच जेवायला असे, त्यामुळे हे खूळ मला जेवणाबरोबर रोज वाढलं जाई.

पोट दुकानांच्या पाट्यांवर चाले. पण चित्र काढायला बसले की संपलंच. एका कापडाच्या व्यापाऱ्यानं हौसेनं स्वतःची तसबीर काढून घेतली, तर मामांनी त्याचं तोंड हिरवंगार केलं. तो भडकला, "आप्पा, मी काय राघू हाय का?" मामा शांतपणे म्हणाले, "समोरच्या दुकानात गिऱ्हाईक शिरलं की आरशात बघा." तसबीर माळ्यावर गेली, पण पुढे कित्येक दिवस समोर गिऱ्हाईक शिरलं की तो उपरण्यानं तोंड पुसायचा, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आत्याची गाय त्यांनी जांभळी रंगवली. महिनाभर आधी तिचं वासरू गेलं होतं. आत्या ते चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवी. म्हणायची, "सैपाक करताना माझ्याकडं बघायलीय ती." हसू नका. ती गायही त्या खोलीच्या दारापाशी येऊन तासन्‌तास उभी राहायची, आणि तिथून जाताना मीसुद्धा भराभर पाय उचलत असे.

मोहरमात मात्र मामांना काम हमखास असे. आमच्याकडे सवारीच्या, म्हणजे मिरवत नेलेल्या पिराच्या पंजांपुढे वाघ नाचत. मुसलमानांसारखेच हिंदूही नवस बोलायचे, की अमुक झालं तर वाघ होईन. मग नवस फेडणाऱ्याच्या उघड्या अंगाला पिवडीची पिवळी माती फासून वर काजळीचे पट्टे ओढायचे. एका वर्षी किसन कुंभार आला, म्हणजे त्याची आई त्याला हाताला धरून घेऊन आली. पटकीच्या साथीत तो आडवा झाला तेव्हा त्याच्या बायकोनं सवारीला नवस केला होता, धनी उठला तर त्याला वाघ करीन. धनी उठला. तिसऱ्या दिवशी ती गेली. तेव्हापासून किसन रडला नव्हता, चार शब्द बोलला नव्हता. चाक फिरवायचा आणि माती ठेवायची विसरायचा.

म्हातारी हात जोडून म्हणाली, "आप्पा, पिवळाच करा बरं. तिचा शेवटचा शबूद हाय. नवस वाया गेला तर ती तिकडं तळमळंल."

मामांनी पिवडी फासली. ती वाळली आणि पापुद्रे होऊन गळून पडली. डिंक वाढवून पुन्हा लावली, पुन्हा गळाली. टळटळीत ऊन होतं आणि त्या माणसाचं अंग गार होतं. मी हात लावून पाहिला आणि चटकन काढून घेतला. मग मामांनी भांडं खाली ठेवलं, डोळे बारीक केले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. शेवटी निळीत चुलीतली राख कालवून त्यांनी किसनला डोक्यापासून पायापर्यंत लिंपलं. एक पट्टा ओढला नाही. तो रंग असा बसला, की आतूनच वर आला असावा. म्हातारी कपाळ बडवू लागली.

वाघ निघाला. एरवी किंचाळत मागे धावणारी पोरं आयांच्या पदरात शिरली. कुत्री भुंकली नाहीत, भिंतीला अंग घासत बाजूला झाली. ढोलवाल्यांचे हात थांबले. निळा वाघ नाचलाच नाही. चौकातून वळून सरळ आपल्या घरी गेला, थंड चुलीपाशी चार पायांवर बसला आणि ओरडला. त्या आवाजाचं वर्णन मी करणार नाही. ते रडणं होतं, एवढं सांगतो. पंजा घेऊन मागोमाग आलेल्या मुजावरांनी डोळे पुसले आणि म्हातारीला म्हणाले, "मन्नत पोंच गई अम्मा, रो नक्को."

दुसऱ्या वर्षी किसन आपण होऊन आला. "आप्पा, औंदा पिवळा धरतोय का बघा." मामांनी बघितलं, त्याला निळाच लावला आणि छातीवर एक पिवळा पट्टा ओढला. तो टिकला. "बाकीचा पुढच्या साली," मामा म्हणाले.

पुढच्या सालापर्यंत मामाच राहिले नाहीत. हिवतापानं आठ दिवसांत नेलं. आत्यानं डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी दिलं, कुंचले धुऊन ठेवले. मोहरम आला तसा किसन आला, पिवडी घरूनच कालवून. "आक्का, आता तुमीच लावा." आत्या म्हणाली, "मला कुठं काय दिसतंय, बाबा." तरी तिनं दोन बोटं बुडवून त्याच्या पाठीवर ओढली. आम्ही तिघं वाट बघत बसलो. रंग वाळला. गळाला नाही. मग ती हात भरभरून लावतच सुटली.

किसन उठला आणि डोळे बारीक करून आत्याकडे बघत राहिला. ते बघणं मामांचं होतं.

"आक्का, तुमी निळ्या झालाव," तो म्हणाला. "भिऊ नका. लय दिवस लागतेत, पण उतरतंय."

आत्यानं पिवळे हात तसेच तोंडावर घेतले आणि मामा गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडली.