गगनबावडा गाडी

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात व्यायामाला जायचो. माझ्या खाटेशेजारी भिंतीवर खांद्याच्या व्यायामाचं लोखंडी चाक बसवलेलं होतं, आणि त्या चाकावर रोज एक एस.टी. ड्रायव्हर असायचे. नाव मी कधी विचारलं नाही. त्यांचा खांदा आखडला होता. तो सुटला नाही तर गाडी काढून घेतील आणि डेपोत बसवून ठेवतील, एवढीच त्यांना धास्ती.

व्यायाम घेणाऱ्या मॅडम सांगायच्या, "दहा फेऱ्या." हे फेऱ्या मोजायचेच नाहीत, कोल्हापूर-गगनबावडा रस्त्यावरची गावं मोजायचे. पहिल्या आठवड्यात खांदा बालिंग्यालाच दुखायला लागायचा. मग गाडी तिथंच उभी करायची, जोर करायचा नाही. पुढच्या आठवड्यात कळे आलं, मग साळवण. वळणावर तोंडानं हॉर्नसुद्धा वाजायचा.

मी पाय कसाबसा उचलायचो आणि धपकन खाली टाकायचो. एकदा चाक न सोडता ते म्हणाले, "पावणं, चढाला गाडी कुणीबी घालतंय. उताराला धरून आणायला ड्रायव्हर लागतोय की. पाय हळू सोडा."

मॅडम मला हेच इतके दिवस इंग्रजीत सांगत होत्या.

एके दिवशी गगनबावडा आलं. मॅडमनी त्यांचा हात कानाला लागेपर्यंत वर नेऊन पाहिला आणि म्हणाल्या, "आता ड्यूटीवर जा." त्यांनी चाकाला हात लावला, तोच कपाळाला लावला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी चाकापाशी एक आजी आल्या. "किती फिरवू रं बाबा?"

"आज बालिंग्यापर्यंतच," मी म्हणून गेलो.

आजींनी चाकाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि पदर खोचला.

"मला हाफ तिकीट बसतंय न्हवं?"